६०० वॅटचं ड्रिल मशीन, चिऱ्याच्या भिंती आणि चार वर्षं

चिपळूणला बाजारपेठेच्या मागच्या आळीत आमचं घर आहे आणि पुढच्या, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या खोलीत माझं शिवणकाम. ब्लाउज, फॉल-पिको, परकर-पोलकी, आणि मे-जूनमध्ये शाळेचे गणवेश. गेली चार वर्षं या खोलीत शिलाई मशीनच्या बरोबरीने आणखी एक मशीन कामाला आहे: ६०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल, १३ एमएम चकचं (बिट म्हणजे भोक पाडणारी पिळाची दांडी, आणि ती पकडतो तो चक), हॅमर आणि उलट-सुलट फिरण्याची सोय असलेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये २,९०० रुपयांना घेतलं. घरची कामं स्वतः करायचं मनात असलेल्या, पण मशीन हातात घ्यायला बिचकणाऱ्या बायका मला रोज भेटतात. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या ताकदीची मशीनं बऱ्याच कंपन्या बनवतात, आतली रचना जवळजवळ सारखीच असते. मला बोलायचं आहे ते या मापाचं मशीन घरात काय करू शकतं, काय करू शकत नाही, आणि कुठल्या भिंतीला ते लावावं याबद्दल.

आधी घेतलं का ते सांगते. २२ जुलै २०२१ ला पहाटे आमच्याकडे पाणी भरलं. २००५ च्या जुलैत घरात गुडघाभर आलं होतं, म्हणून आम्ही त्याच हिशोबाने सामान उचललं. तांदळाचे डबे ओट्यावर, कापडाचे गठ्ठे पलंगावर, मशीनचं हेड टेबलावर. पाणी थांबलं ते साडेचार फुटांवर. आम्ही चौघं माळ्यावर बसून होतो. गिऱ्हाइकांचे अठ्ठावीस ब्लाउज पिशव्यांसकट चिखलात गेले, त्यातले अकरा एकाच लग्नघरचे होते. मशीन तेल-रॉकेलने धुऊन पुन्हा चालू झालं. टेबल मात्र साध्या प्लायचं, ते पुस्तकाच्या पानांसारखं सुटलं.

त्यानंतर सुतार मिळेना. त्यांचीही घरं पाण्यात गेली होती, आणि जे काम करू शकत होते त्यांच्याकडे अख्ख्या बाजारपेठेची कामं. गणपतीनंतर बघू, दसऱ्यानंतर बघू, दिवाळीनंतर बघू. मला हवं होतं ते फार मोठं नव्हतं. साडेपाच फुटांवर तीन भिंतींना फळ्या, आणि कापायला एक टेबल, जे काम झालं की घडी घालून भिंतीला लावता येईल. पुढच्या वेळी जमिनीवर काहीही असता कामा नये, एवढंच मी ठरवलं होतं. शेवटी म्हटलं, आपणच करू.

पहिल्या दुकानात मशीन माझ्या हातात दिलंच नाही. “ताई, मिस्टरांना पाठवा, जड असतं ते.” खोक्यावर वजन लिहिलं होतं १.८ किलो. माझ्या शिलाई मशीनचं हेड त्याच्या पाच-सहा पट जड आहे आणि ते मी तेल घालायला एकटी उलटं करते. मला वाईट वाटलं, पण तिथे वाद न घालता बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी मशीनचं नावच काढलं नाही. त्यांनी पहिलं विचारलं, “वहिनी, भिंत कसली? चिऱ्याची, विटेची का ब्लॉकची?”

“पुढची खोली चिऱ्याची. मागची नवीन, ती सिमेंटच्या ब्लॉकची. मधे दोन कॉलम आहेत.”

“आणि प्लास्टर केवढं जाड?”

ते मला सांगता येईना. “मग असं करा,” ते म्हणाले, “मशीन घेऊन जा. भिंतीच्या भोकात बसवायचे प्लग आणि स्क्रू आज घेऊ नका. एक भोक पाडा, भुगा कागदावर धरा आणि तो कागद घेऊन या.” मशीन विकणाऱ्याने आज बाकीचं घेऊ नका म्हणावं, हे मला फार आवडलं. आजही मी प्लग-स्क्रूला त्यांच्याकडेच जाते.

मशीनबद्दल थोडक्यात. वायरला दोनच पिनांचा प्लग आहे. अर्थिंगची पिन नाही म्हणून मी आधी घाबरले. काकांनी मशीनच्या पाटीवरची चौकोनातल्या चौकोनाची खूण दाखवली. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन, अशा मशीनला अर्थिंग लागत नाही. ६०० वॅट म्हणजे अडीच-पावणेतीन अँपिअर, घरातल्या साध्या ५-६ अँपिअरच्या सॉकेटवर बिनधास्त चालतं. घोडा जितका दाबाल तितका वेग वाढतो, आणि हे मला पायाच्या मशीनच्या सवयीने लगेच जमलं. वर एक बटण आहे, एकीकडे केलं की बिट नुसतं फिरतं, दुसरीकडे केलं की फिरता फिरता ठोकेही मारतं, त्याला मी हातोडी म्हणते. शेजारून एक साइड हँडल लागतं. वायर दोन मीटर, म्हणजे घरात एक्स्टेन्शन बोर्ड हवाच. खोक्यावर लिहिलेलं असतं काँक्रीट १३, लाकूड २५, स्टील १०, म्हणजे त्यात जास्तीत जास्त किती एमएमचं भोक पडतं ते. यातल्या काँक्रीटच्या आकड्याबद्दल पुढे लिहिते.

पहिलं भोक पलंगामागे पाडलं, चुकलं तर झाकलं जावं म्हणून. वर्तमानपत्राची पुडी करून चिकटपट्टीने भिंतीला लावली, भोकाच्या बरोबर खाली. खिळ्याने टोचा मारला, म्हणजे बिट घसरत नाही. हातोडी बंद, वेग कमी. आधी पांढरा भुगा पडला, तो रंगाचा आणि चुन्याचा. मग राखाडी, म्हणजे प्लास्टर. बिटाला मी टेलरिंगच्या खडूने खुणा केल्या होत्या. राखाडी भुगा दोन सेंटिमीटरपर्यंत येत राहिला. मग हाताला एकदम मऊ लागलं आणि लाल यायला लागलं.

लाल भुगा पुडीत पडायला हवा होता. तो पडला नाही. बिटाच्या पिळात ओल्या कणकेसारखा चिकटून बाहेर आला आणि बोटात धरला तर त्याची गोळी झाली. भिंत वरून कोरडी खडखडीत होती. रंगाचे पापुद्रेसुद्धा सुकून सुटले होते. आत मात्र पुराला चार महिने होऊन गेल्यावरही पाणी होतं.

पुडी घेऊन दुकानात गेले. काकांनी दोन बोटांत भुगा चोळला आणि म्हणाले, “आत्ता प्लग मारलात तर सुकल्यावर सैल होईल. फेब्रुवारीपर्यंत थांबा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, भिंतीला सामान टेकवू नका.” मी थांबले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच भोकाशेजारी एक छोटं भोक पाडून बघायची. जानेवारीत भुगा अजून गोळा होत होता, पण दाबला की फुटायचा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो भुरभुरत पुडीत पडला, मिरचीपुडीसारखा. तेव्हा काम सुरू केलं.

ही गोष्ट एवढी लांबवून सांगते, कारण पुरानंतर घाईघाईने बसवलेल्या कितीतरी फळ्या मी आमच्याच आळीत वर्षभरात खाली आलेल्या बघितल्या. दोष मशीनचा नव्हता, स्क्रूचाही नव्हता.

भुग्याचा रंग बघायची सवय तेव्हापासून लागली. पांढरा म्हणजे चुना किंवा पुट्टी. राखाडी म्हणजे प्लास्टर. लाल-तांबडा, जरा खरखरीत, तो चिरा. भाजक्या विटेचा नारिंगीकडे झुकतो आणि बारीक असतो. राखाडी येतच राहिला, अगदी पिठासारखा, आणि बिट पुढे सरकायचंच थांबलं, की समोर काँक्रीट आहे. मग जोर लावून उपयोग नाही.

शिवणकाम करणाऱ्या बाईला हे लगेच समजेल. मलमल, रेशीम असेल तर ११ नंबरची सुई, रोजच्या सुती ब्लाउजला १४, जीन्स किंवा रेक्झिनला १८. चुकीच्या सुईने चांगल्यातलं चांगलं मशीनही टाका सोडतं. ड्रिलचंही तसंच आहे. सिमेंट-दगडाच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा छोटा तुकडा बसवलेला असतो, बाणासारखा. लोखंडात भोक पाडायचं बिट एचएसएस, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचं, त्याचं टोक साधं धारदार. ते भिंतीत घातलं तर एका भोकात बोथट होतं. लाकडाच्या बिटाला मधोमध सुईसारखं टोक असतं. एका नंबरची तिन्ही बिटं लांबून सारखीच दिसतात, म्हणून मी त्यांना तीन रंगांचे दोरे बांधून ठेवलेत.

चिऱ्यात हातोडी वापरायची नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तीन भोकं वाया घालवून कळलं. चिऱ्याच्या आत मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या असतात. सासरे सांगायचे, खाणीतून काढला की तो कुऱ्हाडीने तासता येतो, नंतर वाऱ्या-उन्हाने कडक होतो. हातोडी चालू केली की आतली कड ढासळते, १० एमएमचं भोक अंड्यासारखं लांबट होतं आणि प्लग स्क्रूबरोबर गोल फिरत राहतो. नुसत्या फिरत्या बिटाने, मधल्या वेगाने, दर दोन-तीन सेकंदांनी बिट बाहेर काढून भुगा मोकळा करत गेलं की भोक गोल आणि घट्ट पडतं. वाया गेलेली भोकं सिमेंट-वाळूने भरली आणि प्रत्येक वेळी एक वीत बाजूला सरकले.

प्लगची लांबीसुद्धा भिंतीवर ठरते. आमचं प्लास्टर दोन सेंटिमीटर. बाजारात नेहमी मिळणारा ८ चा प्लग चार-पाच सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे त्याचा जवळजवळ अर्धा भाग प्लास्टरमध्येच राहतो. फोटो किंवा घड्याळ टांगायला तेवढं चालतं. कापडाच्या ताग्यांची फळी पेलायला प्लगची पकड चिऱ्यात हवी, म्हणून मी १० चे, आठ सेंटिमीटर लांबीचे नायलॉनचे प्लग घेतले. हा नायलॉनचा प्लग १९५८ साली जर्मनीत आर्टुर फिशर यांनी काढला. त्याआधी आपल्याकडे सुतार भिंतीत लाकडी गट्टू ठोकत. आमच्या जुन्या भिंतीत असे तीन गट्टू मला सापडले, पुराच्या पाण्याने फुगलेले आणि आतून भुसभुशीत झालेले. देवघराची जुनी फळी अशाच दोन गट्टूंवर होती.

भोक पाडल्यावर ते साफ करणं मी आधी टाळायची. भुगा आत राहिला की प्लग पूर्ण बसत नाही, चार मिलिमीटर बाहेर राहतो, आणि मग आपण तो ठोकतो. मुलीच्या सायकलचा पंप भोकाला लावून दोनदा हवा मारली की काम होतं. तोंडाने फुंकू नका, सगळा भुगा डोळ्यांत येतो. चष्मा आणि मास्क दोन्ही लावा. दगड-सिमेंटची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथून निघत नाही. आमच्याकडे करोनातले एन-९५ मास्क उरले होते, तेच वापरले.

फळ्या एका रेषेत याव्यात म्हणून गवंडी वापरतात ती पाण्याची नळी वापरली. पारदर्शक नळी, दहा मीटर, त्यात पाणी. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मुलगी. नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर दोन्हीकडची पातळी फसवते. तो घालवायला आम्हाला अर्धा तास लागला. तिसऱ्या भिंतीपर्यंत पेन्सिलची खूण नेली आणि फिरून पहिल्या खुणेशी आलो तेव्हा फरक जेमतेम एका दोऱ्याचा होता. मुलगी तेव्हा आठवीत होती. आजही ती कुणी घरी आलं की ती रेघ दाखवते. मापं घेताना मात्र शिवणाचा टेप वापरू नका. कापडी टेप वापरून वापरून ताणला जातो, सहा फुटांत पाव इंचाचा फरक पडतो. स्टीलचा टेप घ्या.

टेबलासाठी १८ एमएमचा प्लाय घेतला, सहा बाय तीन फूट. या वेळी त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघूनच घेतला, तो मरीन प्लाय. आयएस ३०३ चा स्वस्त असतो, पण आमच्याकडच्या दमट हवेत आणि पुराच्या भीतीत मला तो नको होता. एवढा तुकडा वीसेक किलोचा भरतो. भिंतीला सागाची एक रीप, तिला सहा प्लग, रिपेला लांब पट्टी बिजागरी, बिजागरीला टेबल. पुढून दोन पाय, तेही घडीचे. रिपेत भोकं पाडताना १० च्या लाकडी बिटाने एकदम घुसले नाही, आधी ३ एमएमचं, मग ६, मग १०. साग महाग, एक फाट पडली की रीप गेली. खालून टाकाऊ फळीचा तुकडा धरला, म्हणजे बिट बाहेर पडताना कड फाटत नाही.

पहिल्या दिवशी त्या टेबलावर मी कापड ठेवलं नाही. पाण्याने भरलेले दोन हंडे आणि तांदळाचं पोतं रात्रभर ठेवलं. सकाळी रिपेमागे पोस्टकार्ड सरकवून बघितलं, जात नव्हतं. त्या दिवशी दुपारी पहिला ब्लाउज कापला, अस्तराचा, बोटनेक.

आता तक्रारी.

खोक्यात मिळणारी बिटं कामाची नाहीत. माझ्या संचातल्या ८ च्या बिटाचं कार्बाइडचं टोक चौथ्याच भोकात निखळून भिंतीत राहिलं. सुटी चांगली बिटं वेगळी घ्या. मी ६, ८ आणि १० ची मिळून पाच घेतली, साडेसहाशे रुपये झाले, आणि त्यातली तीन अजून चालतात. संच मिळतो म्हणून मशीनला चारशे-पाचशे जास्त देऊ नका.

भोकाची खोली मोजायची पट्टी येते ती हादऱ्याने सरकते. तिच्यावर विसंबून एक भोक मी पार मागच्या खोलीत काढलं. आता बिटालाच रंगीत चिकटपट्टीचा वेढा देते, ती भिंतीला टेकली की थांबायचं.

चकची चावी हरवते. सगळ्यांची हरवते. वायरला प्लगच्या बाजूला बांधून ठेवा. चक घट्ट करायला प्लग सॉकेटमधून काढावाच लागतो, आणि ती सवय लागणं जिवाच्या दृष्टीने चांगलं.

सगळ्यात मोठी तक्रार अशी, की या मशीनला बिट अडकल्यावर सुटणारा क्लच नाही. जानेवारी २०२३ ची गोष्ट. कॉलमच्या कोपऱ्यात एक भोक हवं होतं, साइड हँडल भिंतीला लागत होतं म्हणून मी ते काढलं. बिट आतल्या सळईला अडकलं. बिट थांबलं, पण मोटर थांबली नाही, आणि अख्खं मशीन माझ्या हातात फिरलं. उजवं मनगट मुरगळलं. तीन आठवडे कात्री धरता आली नाही, हुक-काजं मुलीने आणि जाऊबाईंनी केली, संक्रांतीच्या सात ऑर्डरी परत केल्या. ज्यांचं पोट हातावर आहे त्यांना मी कळकळीने सांगते: साइड हँडल कधीही काढू नका. हँडल बसत नसेल तर तिथे भोक पाडूच नका, किंवा ज्याच्याकडे क्लच असलेलं मशीन आहे त्याला बोलवा. आणि विजेच्या बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन्ही बाजूंना आडव्या रेषेत भोक नको. वायरींचे पाइप बहुतेक त्याच रेषांत जातात.

आता तो काँक्रीटचा आकडा. १३ एमएम लिहिलेलं खोटं नाही, पण त्याला लागणारा वेळ आणि अंगमेहनत खोक्यावर लिहिलेली नसते. आमच्या कॉलममध्ये ८ चं, पाच सेंटिमीटर खोल एक भोक पाडायला मला थांबत थांबत वीस मिनिटं लागली. बिट इतकं तापलं की टोक निळं पडलं. याचं कारण मशीनच्या रचनेत आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून टकटक करतात. ठोके मिनिटाला हजारोंनी पडतात, पण प्रत्येक ठोका हलका, आणि मागून आपण जेवढा जोर देऊ तेवढाच तो लागतो. रोटरी हॅमर वेगळा. त्यात दट्ट्या असतो, मधल्या हवेच्या दाबाने तो बिटाच्या मागे घाव घालतो. ठोके कमी, पण खरे. त्याची बिटंही वेगळी, खाचांची, एसडीएस म्हणतात ती. आपल्या गोल चकमध्ये ती बसत नाहीत. कॉलमची उरलेली पाच भोकं मी एक दिवस रोटरी हॅमर भाड्याने आणून पाडली, ३०० रुपये दिले. एका भोकाला मिनिटभरही लागला नाही.

म्हणून धाकट्या बहिणीला मी हे मशीन घेऊ नको म्हणून सांगितलं. ती ठाण्याला एका उंच इमारतीत राहते, मायवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीसकट सगळं काँक्रीट ओतलेलं. तिथे वीट नाहीच. पडद्याचा रॉड लावायला माझं मशीन घेऊन गेले होते. दोन बिटं जाळली आणि सोसायटीची ड्रिलिंगची वेळ संपली. तुमच्याकडे अशा भिंती असतील तर पैसे साठवून छोटा रोटरी हॅमरच घ्या. उलट पुण्यात भाच्याच्या फ्लॅटला एएसी ब्लॉक आहेत, हलके, जाळीदार. तिथे भुगा रांगोळीसारखा पडतो, हातोडी अजिबात चालू करायची नाही, आणि प्लगही त्या ब्लॉकसाठीचा वेगळा घ्यावा लागतो. तिथे हे मशीन लोण्यात सुरी जावी तसं चालतं.

स्क्रूबद्दल एक सांगायलाच हवं. पहिल्या वर्षी मी काळे जिप्सम स्क्रू वापरले, स्वस्त आणि सगळीकडे मिळतात. दोन पावसाळ्यांत त्यांना गंज चढला. एका गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या सिल्कवर गंजाचा एवढासा डाग पडला, फळीच्या खालून निघालेल्या टोकाला घासून. ते कापड मी भरून दिलं. नंतर बावीसच्या बावीस स्क्रू काढून ३०४ ग्रेडचे स्टेनलेसचे लावले. कोकणात दुसरे लावूच नका.

देखभाल फारशी नाही. मागच्या वर्षी मशीनमधून जळका वास आणि ठिणग्या यायला लागल्या. आतले कार्बन ब्रश झिजले होते. जोडी बदलायला शंभराच्या आत खर्च आला. हवेच्या जाळ्यांत लाल धूळ बसते, ती मी शिलाई मशीनच्या ब्रशने प्रत्येक कामानंतर काढते. डोक्याच्या वर भोक पाडताना ही धूळ थेट आत जाते, तेव्हा प्लॅस्टिकच्या वाटीला भोक पाडून ती बिटावर टोपीसारखी घालते.

या चार वर्षांत या मशीनने माझ्या घरात केलं ते असं: अकरा फळ्या, घडीचं टेबल, मागच्या खोलीतली दोऱ्यांच्या रिळांची चौकट, आईंच्या न्हाणीघरात धरायचा दांडा, पडवीत कपड्यांच्या दोरीचे हुक, आणि देवघर, जे आता सहा फुटांवर आहे. आईंना उंच झालं, म्हणून त्याच्या खाली एक पायरी करून दिली. फक्त वर्षातून एकदा एखादा फोटो टांगायचा असेल त्यांनी विकत घेऊ नये, शेजाऱ्याकडून आणावं. ज्यांचं घर चिऱ्याचं, विटेचं किंवा ब्लॉकचं आहे आणि हातात दोन-तीन कामं आहेत, त्यांनी हेच माप घ्यावं. ४०० वॅटचं घेऊ नका, चिऱ्यात १० चं बिट घातलं की ते गुदमरतं. मला परत घ्यावं लागलं तर मी याच ताकदीचं, क्लच असलेलं मिळालं तर तेच, आणि सुटी बिटं घेईन.

पावसाचा जोर वाढला आणि नदीचं पाणी चढतंय असं कळलं की आता आम्ही टेबल वर घेतो, मशीनचं हेड दोघी मिळून फळीवर ठेवतो, तागे आधीच वर असतात. यंदाच्या जुलैत घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं लागली.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकी आल्या होत्या. त्यांना स्वयंपाकघरात मांडणी बसवायची आहे, भिंतीला यंदा पावसात वरून गळती लागली होती. पदराच्या टोकात वर्तमानपत्राची पुडी बांधून आणली होती. आम्ही दोघींनी ती दारातल्या उजेडात उघडली. भुगा लाल होता, आणि दोन बोटांत धरला तर त्याची गोळी होत होती. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा बघू, असं ठरलं आहे.